कानशिलावरचा अंगठा

पत्र:

वैद्यताई, नमस्कार. मी मिरजेत राहते. वय ४६, एका पतसंस्थेत नोकरी. बारा-तेरा वर्षांपासून अर्धशिशी आहे. महिन्यातून चार-पाच वेळा डोकं उठतं आणि उलटी झाल्याशिवाय उतरत नाही. वर्षभरापासून दोन्ही कानांत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून ‘मर्म थेरपी’ला जायला लागले. एकवीस बैठका, १२,६०० रुपये, सगळे आगाऊ. चार झाल्या. कानशिलावर आणि कानामागे ते अंगठ्याने एवढं दाबतात की डोळ्यांतून पाणी येतं. म्हणतात, दुखलं म्हणजे अडलेलं सुटतंय. चौथ्या खेपेनंतर कानशिलावर काळंनिळं झालं आणि दोन दिवस गरगरत होतं. डोकेदुखीच्या गोळ्या बंद करा म्हणाले, पण मी गुपचूप घेते. दिवसाआड एक तरी लागतेच. हे सुश्रुतांचं शास्त्र आहे म्हणतात, मग शंका घ्यावी की नाही?

पुढच्या वेळी आईलाही न्यायचं मनात आहे. तिचं वय ७१. महिनाभर तिचं उजवं कानशील दुखतंय, वेणी घालताना फणी टेकवू देत नाही. भाकरी खाताना जबडा भरून येतो, पण ते कवळीमुळे असेल. परवा टीव्ही बघताना एका डोळ्यापुढे क्षणभर पडदा आला. मोतीबिंदूच असणार. तिला ही थेरपी चालेल ना?

— एक वाचक, मिरज

उत्तर:

ताई, प्रश्न तुम्ही स्वतःबद्दल विचारलात, पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या पाच ओळी वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. म्हणून त्याच दुपारी तुम्हाला फोन केला आणि आईंना मर्म थेरपीला नाही, दवाखान्यात न्या, आजच न्या, असं सांगितलं. तुम्ही नेलंत. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि अहवालाची वाट न बघता औषध सुरू केलं, हेही तुम्ही कळवलंत. निदान तिथले डॉक्टर करतील. पण अशी आई, सासू, आजी पुष्कळ घरांत असते आणि तिचं दुखणं ‘वयोमानाने’ या एका शब्दात गुंडाळलं जातं. म्हणून आधी तेच सांगते.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशिलाची, कधीही अंगावर काढायची नाही. कानशिलावरून जी धमनी वर जाते तिला सूज येण्याचा एक आजार आहे. डॉक्टर त्याला जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात, जुने लोक टेम्पोरल आर्टरायटिस. त्यात डोक्याची कातडी इतकी हुळहुळी होते की फणी सोसत नाही, उशीवर त्या कुशीला झोपता येत नाही. चावताना जबडा दमतो, घास थांबवला की बरं वाटतं. सकाळी खांदे आखडलेले असतात. आणि तीच सूज डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपर्यंत गेली तर नजर जाते. ती अचानक जाते, वेदना न होता जाते आणि बहुतेक वेळा परत येत नाही. एक डोळा गेल्यावर दुसराही थोड्या दिवसांत जाऊ शकतो. डोळ्यापुढे क्षणभर आलेला पडदा ही त्याची आधी वाजलेली घंटा असू शकते. मोतीबिंदू असा येत नाही. तो महिनोन्‌महिने धुकं दाट करत आणतो, पडदा टाकून उचलत नाही.

हा आजार रोज दिसणारा नाही. पण ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या तपासण्यांनी संशय पक्का व्हायला मदत होते, गरज पडली तर धमनीचा बारीक तुकडा तपासतात, आणि स्टिरॉइड वेळेवर सुरू झालं तर नजर वाचते. एरवी मी स्टिरॉइडच्या नावाने नाक मुरडणारी वैद्य आहे. इथे नाही. सुजलेल्या, हुळहुळ्या कानशिलावर कोणी अंगठा रोवावा, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा आला.

आता तुमचं. शास्त्र आहे का? आहे. पण ते काय म्हणतं ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलेलं दिसत नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सहावा अध्याय मर्मांचा आहे. मांस, सिरा म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू, अस्थी आणि सांधा यांचा जिथे मेळ होतो आणि जिथे प्राण विशेषेकरून राहतो, ते मर्म. एकूण १०७. हातापायांत ४४, धडात २६ आणि गळ्यापासून वर ३७. शरीराच्या एवढ्याशा वरच्या भागात एक तृतीयांशाहून अधिक मर्मं दाटलेली आहेत, कारण सगळी ज्ञानेंद्रियं तिथेच राहायला आहेत. कानाच्या मागे खालच्या बाजूला विधुर. तिथे घाव बसला तर बहिरेपण येतं. नाकपुड्यांच्या बाजूंना फण; तिथे मार लागला तर वास जातो. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी, डोळ्याच्या कडेला अपांग आणि भुवईच्या वरच्या खळगीत आवर्त. दोन्हींत दृष्टीला धोका. भुवयांच्या मधोमध, आपण कुंकू लावतो तिथे, स्थपनी. कवटीच्या सांध्यांवर पाच सीमंत. टाळूवर, बाहेरून जिथे केसांचा भोवरा दिसतो त्याच्या आत, अधिपति. आणि कान व कपाळ यांच्या मध्ये शंख, म्हणजे आपलं कानशील.

या शंखाला सुश्रुतांनी कोणत्या गटात टाकलंय ठाऊक आहे? सद्यःप्राणहर. ताबडतोब प्राण घेणारी जी १९ मर्मं आहेत त्यांत. आजचं शरीरशास्त्रही काही वेगळं म्हणत नाही. तिथे कवटीचं हाड सगळ्यात पातळ असतं आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची धमनी जाते, म्हणून तिथला फटका जिवावर बेततो. तुमच्या त्या थेरपिस्टने ज्याच्यावर अंगठा रोवला, ते हे ठिकाण.

हा अध्याय मुळात शल्यचिकित्सकासाठी, युद्धातल्या जखमांसाठी लिहिलेला आहे. शस्त्र चालवायचं तर मर्म टाळून चालव, हे त्याचं सांगणं. मर्मांचं ज्ञान म्हणजे शल्यशास्त्राचं अर्धं ज्ञान, असंही तिथे म्हटलंय. मला या अध्यायात सगळ्यात आवडतं ते उत्क्षेप मर्म. शंखाच्या वर, केसांच्या कडेला. तिथे बाण रुतला तर तो तसाच राहू दे, माणूस जगेल; आपोआप पिकून गळून पडला तरी जगेल; पण उपटून काढलास तर मरेल. स्थपनीचंही तेच. अशी मर्मं तीनच, त्यांना विशल्यघ्न म्हणतात. आज अपघात विभागात शिकाऊ डॉक्टरला सांगतात की शरीरात घुसलेली वस्तू जागेवर ओढून काढू नकोस, तीच ही समज.

तर ग्रंथ सांगतो, जपा. जाहिरात सांगते, दाबा. मराठीलाही ग्रंथाचंच म्हणणं ठाऊक आहे. वर्मी घाव बसला, वर्मावर बोट ठेवलं, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात बरं वाटण्याचा मुद्दा कुठे असतो?

मग दाबण्याचा उपचार आला कुठून? सगळा काही हवेतून आला नाही. केरळात कळरिपयट्टू ही युद्धकला शिकवणाऱ्या गुरूंना मर्मं दोन्ही अंगांनी माहीत असावी लागत: कुठे मारलं की माणूस कोसळतो आणि कोसळलेल्याला कसं सावरायचं. मार लागलेल्याला तेल लावणं, चोळणं, सांधा बसवणं त्यांच्याकडेच असे. तमिळ मुलखात सिद्ध वैद्यकात याच विद्येला वर्मम् म्हणतात. तिथली गणती वेगळी, १०८ ची. बारा मोठी पडुवर्म, ९६ तोडुवर्म. तो तमिळ शब्द आणि आपलं ‘वर्म’ एकाच घरातले. ती माणसं वर्षानुवर्षं गुरूच्या हाताखाली हात घडवत. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र मिळवून, वर सुश्रुतांचं नाव लावून, २१ बैठकांचं पॅकेज विकण्याशी त्यांचा संबंध जोडणं हा त्यांचा अपमान आहे. एकवीसच का, हेही मला कधी कळलेलं नाही. मोदकांचा आकडा उचलला असावा.

शृंगाटक मर्माचं नावही त्या जाहिरातींत असतं. डोळे, कान, नाक, जीभ या सगळ्यांना पोसणाऱ्या सिरांचा मेळ जिथे होतो, ती चार मर्मं म्हणजे शृंगाटक. ‘शृंगाटक उघडा, चष्मा घालवा, ऐकू येऊ लागेल’ असा मजकूर मी स्वतः वाचलाय. अहो, ते मर्म डोक्याच्या आत आहे. अंगठा तिथे पोचत नाही, आणि पोचला असता तर ती आनंदाची गोष्ट नसती. बहिरेपण, अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू बरे करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई केलेलं आहे. सत्तर वर्षं झाली, जाहिराती जोरात आहेत.

‘दुखलं म्हणजे सुटतंय’ याबद्दल. दुखलं म्हणजे दुखलं. काळंनिळं झालं म्हणजे कातडीखालच्या केशवाहिन्या फुटल्या. याहून गूढ त्यात काही नाही. मर्मांचं माप ग्रंथात अंगुलात दिलंय आणि डोक्यावरची बरीचशी मर्मं अर्ध्या अंगुलाची आहेत. अंगुल म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या बोटाची रुंदी, वैद्याच्या नव्हे. अर्ध्या बोटाच्या जागेवर सगळ्या अंगाचा भार टाकून अंगठा रोवणाऱ्याने हे वाचलेलं नाही, एवढं मी सांगू शकते.

डाग फिका पडेल. मला जास्त खटकतंय ते दोन दिवसांचं गरगरणं. बैठकीत तुमची मान झटक्याने फिरवली होती का, ‘कट्‌’ असा आवाज काढला होता का, हे आठवून बघा. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे दोन धमन्या जातात. मान जोराने मुरगळली किंवा बराच वेळ मागे ताणून ठेवली तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. १९९३ साली अमेरिकेतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञाने पाच बायकांची हकीकत प्रसिद्ध केली होती. ब्यूटी पार्लरमध्ये केस धुवायला मान बेसिनवर मागे टाकल्यानंतर त्यांना हा त्रास झाला होता. सलूनमध्ये चंपीनंतर मान मोडून घेणाऱ्या तमाम पुरुषवर्गालाही हे वाचून दाखवा. मानेत नवं दुखणं, एक पापणी उतरणं, जीभ जड होणं, तोल जाणं, दोन दिसणं, यांतलं काहीही झालं तर सरळ इस्पितळ. गळ्याच्या दोन्ही बाजूंना नीला, मन्या आणि आठ मातृका ही मर्मं आहेत, नाडीचे ठोके लागतात तिथे. तिथे कोणालाही, कधीही दाबू द्यायचं नाही. दोन्हीकडून एकदम दाबलं तर धडधाकट माणूसही डोळे फिरवून पडेल.

उरलेल्या सतरा बैठकींना जाऊ नका. पैसे मागा. ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ एवढंच विचारा. आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या वैद्याची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंद असते, आणि ज्याची असते त्याला सांगायला संकोच वाटत नाही. पैसे नाहीच मिळाले तर गेले म्हणायचं. दिलेले पैसे वसूल करायला म्हणून डोकं पुढे करू नका. बुफेत पैसे भरलेत म्हणून अजीर्ण होईपर्यंत खाणाऱ्यांतली आपली जात, म्हणून सांगते.

गोळ्या. दिवसाआड एक म्हणजे महिन्याला पंधरा झाल्या. साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यातले पंधरा दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली आणि खास अर्धशिशीची गोळी दहा दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त चालली तर ती गोळीच डोकं दुखवायला लागते. आज उतरतं, परवा तिच्याचमुळे उठतं. तुमचं तसं झालं असण्याची दाट शक्यता आहे. आधी महिन्याला चार-पाचदा उठणारं डोकं दिवसाआड गोळी मागायला लागलंय, यावरूनच ते दिसतं. पण कोणी सांगितलं म्हणून एका रात्रीत थांबवू नका आणि लपूनही घेऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञाला ती पाकिटंच नेऊन दाखवा. अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात. मिरज-सांगलीला दवाखान्यांची वानवा नाही. बाहेरगावचे लोक तुमच्याकडे येतात.

सोबत एक साधी वही घाला. डोकं कधी उठलं, आदल्या रात्री झोप किती झाली, पाळी कधी आली, काय खाल्लं, मुख्य म्हणजे काय खाल्लं नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांच्या वहीत मला दोन गोष्टी सारख्या सापडतात: पाळीच्या आगेमागचे दिवस आणि उपवास. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे, दिवसभर चहा आणि मूठभर शेंगदाणे, आणि दुसऱ्या दिवशी डोकं. बाप्पा समजून घेईल, दुपारी काहीतरी खा.

कानातल्या रातकिड्यांना आम्ही कर्णनाद म्हणतो. दोन्हीकडे असेल तर बहुतेकदा मळ, वाढतं वय, आवाजात घालवलेली वर्षं किंवा ऐकणं थोडं कमी झालेलं असणं, असं काहीतरी निघतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्या. एकाच कानात आवाज असेल, किंवा तो नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल, तर उशीर नको. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जायचं, कारण त्याच्या उपचाराला दिवस मोजलेले असतात. कानात कोमट तेल घालण्याला आयुर्वेदात कर्णपूरण म्हणतात, पण पडदा शाबूत आहे हे कोणी आत बघून सांगितल्याशिवाय थेंबही घालायचा नाही.

एवढं सगळं ‘नको नको’ सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग डोक्याला हात लावायचाच नाही का? लावायचा. रोज लावायचा.

वाग्भटांनी अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना अंगाला तेल रोज लावायला सांगितलंय आणि तीन ठिकाणी विशेष: डोकं, कान आणि तळपाय. अजीर्ण असताना, सर्दी-कफ भरलेला असताना, वमन-विरेचनासारखी शुद्धी झाल्यावर लावू नये हेही सांगितलंय. अंगठा रोवा असं मात्र कुठेही नाही. तेलाचा हात फिरतो तेव्हा वाटेत मर्मं लागतात, तो त्यांच्यावरून जातो, थोडा रेंगाळतो. माझ्या मते मर्मचिकित्सेतलं सामान्य माणसाच्या कामाचं ते एवढंच आहे. अर्धशिशी त्याने ‘बरी’ होते असं मी म्हणणार नाही. तसं दाखवणाऱ्या मोठ्या, नीट बांधलेल्या चाचण्या नाहीत. मान-खांद्याच्या ताणाने जे डोकं दुखतं, ते अशा मालिशने हलकं होतं आणि झोप लागते. ही बारीक गोष्ट नाही.

मी करते ती रीत सांगते. रात्री, जेवणानंतर दोनेक तासांनी. चमचाभर तेल, उन्हाळ्यात खोबरेल, थंडीत तिळाचं. तेल थेट गॅसवर नको; वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा, तान्ह्या बाळाच्या दुधासारखा. सुरुवात पायांपासून. तुमच्या घरात आजीची काशाची वाटी माळ्यावर पडलेली असेल ती काढा. तळपायाला तेल लावून त्या वाटीने पाच-पाच मिनिटं घासा. ग्रंथ पायांचा संबंध डोळ्यांशी जोडतो. तो कसा असेल ते असो, वाटी फिरायला लागली की तिसऱ्या मिनिटाला खांदे आपोआप खाली येतात, हे मी शेकडो माणसांत पाहिलंय.

मग डोकं. टाळूवर तेल ठेवून तळहात नुसता टेकवायचा. बाळाची टाळू भरताना जसा ठेवतो ना, तसाच. थापट्या मारायच्या नाहीत. तिथून बोटांची पेरं केसांत घालून कातडी हाडावर सरकवायची. केस चोळायचे नाहीत, कातडी हलली पाहिजे. नखं आधी कापून घ्या. भुवई आतून बाहेर, चिमटीत हलकी धरत न्यायची. कानशिलावर अंगठा नाही. मधल्या तीन बोटांची पेरं टेकवायची आणि सावकाश गोल फिरवायची, श्वास सोडताना, आठ-दहा वेळा. दाब किती? चिकू पिकलाय का हे बघताना बोट जेवढं टेकवतो तेवढा. साल दबली तर जास्त झाला. नाकाच्या बाजूंनी गालाच्या हाडाखालून कानापर्यंत एक हात. कानाची पाळी चोळायची, कानामागच्या हाडावरून बोट खाली उतरवायचं, पण जबड्याच्या कोपऱ्याखालच्या मऊ जागेत शिरायचं नाही. शेवटी कवटी जिथे मानेवर बसते तिथे, कृकाटिकेशी, दोन्ही तळहातांची ओंजळ करून डोकं नुसतं झेलून धरायचं. दुसऱ्याने धरलं तर उत्तम. मुलाला सांगा, मोबाइल ठेव आणि आईचं डोकं धर, दोन मिनिटं. डोळ्यांच्या बुबुळांवर कधीच दाब द्यायचा नाही. त्याने हृदयाची गती मंदावते, काचबिंदू असेल तर भलतंच होईल.

आणि डोकं उठलेलं असताना यातलं काहीही नको. याचा धडा मी स्वतः घेतलाय. शिकत असताना हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला अर्धशिशीचा झटका आला. मी नुकतीच मर्मं पाठ केलेली, विद्या उतू जात होती. ‘थांब, शंख धरते’ म्हणत मी दोन्ही कानशिलं धरली. पाचव्या मिनिटाला ती उलटी करायला पळाली, आणि नंतर आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. अर्धशिशीच्या झटक्यात कातडीच्या नसा इतक्या जाग्या होतात की एरवीचा साधा स्पर्शही दुखतो, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा झटका आला की अंधार, थंड पाण्याची घडी, डॉक्टरांनी दिलेलं औषध लवकर, आणि घरच्यांना गप्प बसायला सांगणं. मालिश मधल्या बऱ्या दिवसांत.

नाकात अणुतेलाचे थेंब घालायचं मनात असेल तर जवळच्या नोंदणीकृत वैद्यांना विचारून घाला. उलट्या होणाऱ्या माणसाला मी पत्रातून नस्य सांगत नाही.

आईंना यातलं सध्या फक्त काशाची वाटी. स्टिरॉइड चालू असताना साखर आणि रक्तदाब वर जाऊ शकतो, त्यावर डॉक्टर लक्ष ठेवतीलच. बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर बंद करू देऊ नका, ती पायरी-पायरीने उतरवावी लागते. डोक्याला तेल डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबवा. वेणी घालायचा हट्टही तोवर सोडा. रुंद दातांचा कंगवा घ्या, उजव्या बाजूला हातच लावू नका, डाव्या बाजूने सगळे केस गोळा करून सैल बांधा. वाकडं दिसेल. आरशात बघून त्या कुरकुरतील, तर कुरकुरू द्या.